परत जाणारे दप्तर : विद्यापीठाचा विशेष संग्रह आणि रनाळ्यासारखे गाव

१. सूत्र

नंदुरबार तालुक्यातील रनाळे हे गाव ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते, त्या विद्यापीठाला अक्षरओळख नसलेल्या एका शेतकरी बाईचे नाव आहे. १९९० साली जळगावला सुरू झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे २०१८मध्ये ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ असे नामकरण झाले. बहिणाबाई शेतात, जात्यावर, चुलीपुढे गाणी रचत. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी ती ऐकून कागदावर उतरवून ठेवत. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ती गाणी आचार्य अत्रे यांच्यापुढे आली आणि १९५२मध्ये त्यांचे पुस्तक झाले.

खानदेशात असा प्रसंग त्याआधीही घडला होता. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि तिथेच शिक्षा भोगत असलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्या लिहून घेण्यातून उभे राहिले.

या दोन्ही प्रसंगांत तीन माणसे आहेत. एक बोलणारा, दुसरा लिहून घेणारा, तिसरा ते लिहिलेले जपून लोकांच्या हाती देणारा. विद्यापीठ ग्रंथालयाच्या विशेष संग्रहाचे काम हे तिसऱ्या माणसाचे काम आहे. पण तिसरा माणूस केवळ जपत बसला आणि देण्याचे विसरला, तर पहिल्या दोघांचे कष्ट कपाटात अडकून पडतात. म्हणून प्रस्तुत विवेचनाचा सिद्धान्त असा : गावातून जे जमा झाले ते वापरण्याजोग्या रूपात गावाकडे परत जाते, तेव्हाच विशेष संग्रहाचे काम पुरे होते. जमा करणे हे अर्धे काम, परत देणे हे उरलेले अर्धे.

२. व्याख्या आणि प्रकार

ग्रंथालयातील सर्वसाधारण पुस्तक हरवले तर दुसरी प्रत आणता येते. विशेष संग्रहातील वस्तूला दुसरी प्रत नसते, किंवा असली तरी ती मिळवणे जवळजवळ अशक्य असते. हा भेद किमतीचा नाही. साध्या वहीत उतरवलेली लग्नाची गाणी बाजारभावाने कवडीमोल ठरतील, पण ती वही एकुलती एक असेल तर ती विशेष संग्रहाची वस्तू आहे. ‘हे गेले तर पुन्हा मिळेल का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले की ती वस्तू या विभागाची झाली.

या कसोटीनुसार पाच प्रकार पडतात. पहिला, हस्तलिखिते : पोथ्या, बाडे, मोडी कागद. दुसरा, दुर्मिळ छापील साहित्य : शिळाप्रेसवरची पुस्तके, बंद पडलेली नियतकालिके, १८८० सालच्या खानदेश गॅझेटियरसारखे ग्रंथ, १९४२च्या चळवळीतील पत्रके. तिसरा, व्यक्ती आणि संस्था यांची दप्तरे : पत्रव्यवहार, हिशेब, सभांची इतिवृत्ते. चौथा, नकाशे आणि छायाचित्रे. पाचवा, ध्वनिमुद्रणे आणि चित्रमुद्रणे.

नंदुरबार जिल्ह्यासाठी पाचव्या प्रकाराला सर्वांत जास्त महत्त्व आहे. २०११च्या जनगणनेनुसार १६,४८,२९५ लोकसंख्येच्या या जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक आहे, आणि साक्षरतेत जिल्हा राज्यात शेवटचा होता. जिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान तोंडातून कानात गेले, तिथे फक्त लिखित कागद गोळा करणारा संग्रह बहुसंख्य माणसांना वगळूनच उभा राहतो. सपाटीवरची अहिराणी आणि गुजरी, डोंगराकडची मावची, देहवाली, पावरी या बोलींचा दस्तऐवज मुख्यतः आवाजातच आहे.

३. धुळ्याने घालून दिलेले दोन नमुने

विद्यापीठ येण्याच्या कितीतरी आधी खानदेशात हे काम सुरू झाले होते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले. वाड्यांच्या माळ्यांवरून, देवघरांतून, रद्दीच्या वाटेवरून त्यांनी कागद परत आणले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८मध्ये निघाला आणि पुढे तिचे बावीस खंड झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले आणि १९३२पासून मंडळाचे ‘संशोधक’ हे नियतकालिक निघू लागले.

दुसरा नमुना शंकर श्रीकृष्ण देव यांचा. १८९३मध्ये धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा स्थापन झाली. देवांनी रामदासी मठ पालथे घालून समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मिळवली आणि त्यांतून समर्थ वाग्देवता मंदिर हा संग्रह आकाराला आला. समर्थांच्या हस्ताक्षरातील म्हणून ओळखली जाणारी वाल्मीकि रामायणाची प्रत तिथे जपलेली आहे.

या दोन नमुन्यांतून तीन गोष्टी शिकता येतात. संग्राहक कागदापर्यंत चालत गेला. कागद आपल्या दारी येण्याची वाट त्याने पाहिली नाही. मिळाले ते छापून वाचकांपुढे ठेवले. संग्रह आणि प्रकाशन ही एकाच कामाची दोन टोके मानली. आणि संस्था लोकांच्या वर्गणीवर, स्थानिक माणसांच्या आस्थेवर उभी राहिली. मात्र राजवाडे आणि देव ज्या दारांशी गेले ती दारे प्रामुख्याने वाड्यांची आणि मठांची होती. वस्ती, पाडा, शेतमजुराचे खोपट ही दारे उघडायची राहिली. आजच्या विद्यापीठाला तिथून पुढे जायचे आहे.

४. रनाळ्याचा इतिहास कुठे सापडेल?

समजा, रनाळ्यातील एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या गावाचा दोनशे वर्षांचा इतिहास लिहायचे ठरवले. तिला कुठे कुठे जावे लागेल?

१८१८पूर्वीचे महसुली कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात, तेही मोडीत. इंग्रजी अमलातील पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात, ‘खानदेश’ या नावाखाली. १९०६मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा त्यानंतरचे कागद ‘पश्चिम खानदेश’ या नावाखाली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर तोच जिल्हा ‘धुळे’ झाला. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला; त्यानंतरचे सगळे नंदुरबारला. गाव जागचे हलले नाही, पण त्याचे दप्तर चार जिल्ह्यांच्या नावांत विखुरले. त्यात इंग्रजी कागदांमध्ये एकाच गावाचे स्पेलिंग दोन-तीन प्रकारे येते, ते वेगळेच. आणि गावची बोली कशी होती हे पाहायचे तर ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा १९०७मध्ये निघालेला भिली आणि खानदेशी भाषांचा खंड उघडावा लागेल.

हे सगळे मूळ कागद विद्यापीठाने आपल्याकडे आणावेत असे मुळीच नाही. ते जिथे आहेत तिथेच राहावेत. विद्यापीठाने करायची गोष्ट म्हणजे गाववार मार्गदर्शक सूची. ‘रनाळे’ हा शब्द शोधला की कोणत्या संस्थेत, कोणत्या रुमालात (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात), कोणत्या नावाखाली काय मिळेल हे एका जागी कळले पाहिजे. अशी सूची हा विशेष संग्रहाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ उपक्रम आहे. तिला वातानुकूलित दालन लागत नाही. लागतो तो चिकाटीने वाचणारा माणूस.

५. कामाच्या चार पायऱ्या

पहिली पायरी स्वीकाराची. वस्तू कोणाकडून, कधी, कोणत्या अटीवर आली याची दाखल नोंदवहीत नोंद झाली पाहिजे. दप्तर एखाद्या घरातून आले असेल तर त्याचा मूळ क्रम मोडायचा नाही. विषयवार लावण्याच्या उत्साहात पत्रे एकीकडे आणि हिशेब दुसरीकडे केले, तर कोणत्या पत्रामुळे कोणता खर्च झाला हा दुवाच तुटतो. १८९८मध्ये तिघा डच दप्तरदारांनी आपल्या नियमपुस्तकात हे तत्त्व पक्के मांडले आणि जगभरच्या अभिलेखागारांनी ते स्वीकारले. राजवाड्यांचा पहिला खंड निघाला तेही हेच वर्ष.

दुसरी पायरी नोंदीची. सूची ही संग्रहाची किल्ली आहे. इथे बोलींच्या बाबतीत मोठी चूक होते. मावची, देहवाली, पावरी या सगळ्यांवर ‘भिली’ असा एकच शिक्का मारला जातो. २०११च्या जनगणनेत भिली भाषासमूह सांगणारे एक कोटी चार लाखांवर होते आणि ‘खानदेशी’ सांगणारे १८,६०,२३६. एवढ्या मोठ्या समूहांना एकाच खणात कोंबले तर मावची गाणे शोधणाऱ्याला ते कधीच सापडणार नाही. सूचीत बोलीचे नाव बोलणाऱ्याने सांगितले तेच असावे, गावाचे नाव असावे, प्रसंग असावा.

तिसरी पायरी जपणुकीची. इथला नियम सर्वसाधारण समजुतीच्या उलट आहे : जितके अलीकडचे, तितके घाईचे. पेशवाईतील कागद चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने केलेला, त्याचे धागे लांब, आणि शाई काजळीची. तो पाणी आणि वाळवी यांपासून वाचला तर आणखी दोनशे वर्षे सहज टिकेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद आला. त्यात आम्ल असते. म्हणून १९४२चे वर्तमानपत्र आज हातात धरताच तुकडे होते. त्याहून वाईट अवस्था कॅसेटची. चुंबकीय फीत काही दशकांत खराब होते आणि ती वाजवणारी यंत्रे तर त्याआधीच दिसेनाशी होतात. म्हणून मोडी दप्तर वर्षभर थांबू शकते. १९८०च्या दशकातील कॅसेट थांबू शकत नाही.

तापमान आणि आर्द्रता यांची कमी-जास्त पातळी त्रासदायक असते, पण खरा शत्रू त्यांतील चढउतार. नंदुरबारचा कडक उन्हाळा आणि लगेच येणारा पावसाळा यांत कागद दर वर्षी आकसतो आणि फुगतो. पत्र्याच्या छपराखालची पेटी आतल्या भिंतीलगतच्या लाकडी कपाटात आणून ठेवली, एवढ्यानेही बराच फरक पडतो. कडुनिंबाचा पाला आणि वेखंड घालण्याची जुनी रीत कसर दूर ठेवायला उपयोगी आहे. फाटलेल्या कागदावर चिकटपट्टी लावणे किंवा तो प्लॅस्टिकमध्ये कायमचा बंद करणे मात्र कटाक्षाने टाळावे.

चौथी पायरी उपलब्धतेची. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, हे त्यांपैकी दोन. विशेष संग्रहाच्या बाबतीत ग्रंथाला वाचक मिळण्याचा नियम अधिक कठीण, कारण इथल्या वस्तूचा खरा वाचक बहुधा शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या गावात असतो. नंदुरबारहून रेल्वेने जळगाव गाठायला तीनेक तास लागतात. म्हणजे रनाळ्याच्या माणसाला एक कागद पाहण्यासाठी दिवसाची मजुरी सोडावी लागते.

६. एक कागद, जवळून

मांजरपाटाचा रुमाल सोडला की आत घडी घातलेले लांबट कागद दिसतात. त्यांतला एक उलगडू. वर ‘श्री’. लिहिणाऱ्याने आधी कागदभर सरळ रेघ ओढून घेतली आहे आणि तिला लोंबकळत अक्षरे आली आहेत. शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. बोरू उचलावा लागू नये म्हणून एक अक्षर पुढच्यात वळून गेले आहे. नवख्या डोळ्याला ही नुसती वेलबुट्टी वाटते.

तारखेच्या जागी समजा असे आहे : ‘सु॥ समान सबैन मया व अलफ’. हे अरबी संख्याशब्द आहेत. समान म्हणजे आठ, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११७८. हा सुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की १७७७ येते. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होत असल्याने कागद जून १७७७ ते जून १७७८ यांच्या दरम्यानचा. पेरणीच्या मुहूर्तावर सुरू होणारे वर्ष! सारावसुलीचा हिशेब शेताशी किती घट्ट बांधलेला होता, हे या एका तारखेतून कळते.

आता हा कागद एखाद्या विहिरीच्या पाण्याच्या पाळीबद्दल असेल, किंवा दुष्काळात सारा माफ केल्याबद्दल असेल. जळगावच्या किंवा पुण्याच्या अभ्यासकाला तो अठराव्या शतकातील महसुलाचा एक पुरावा. ज्या गावाचा तो आहे, तिथल्या शेतकऱ्याला मात्र त्यातील शिवाराचे नाव ओळखीचे असते. ती विहीर कुठे बुजली हेही तो सांगू शकतो. कागद वाचणारा आणि शिवार ओळखणारा एकत्र बसले तरच त्या कागदाचा पूर्ण अर्थ लागतो. गावाला सोबत घेणे म्हणजे गावावर उपकार करणे नव्हे. त्याशिवाय अभ्यासच अपुरा राहतो.

७. एक आवाज, जवळून

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत माहेरी आलेल्या मुली झोक्यावर बसून अहिराणी गाणी म्हणतात. श्रावणात कानबाईच्या उत्सवात रात्रभर गाणी चालतात. यांतील एक गाणे मुद्रित करायचे तर काय काय ठरवावे लागते?

यंत्र कुठे ठेवायचे? झोक्याच्या कड्यांचा करकर आवाज नको म्हणून दूर ठेवले तर शब्द पुसट होतात. जवळ ठेवले तर एकीचाच गळा वर येतो. तो करकर आवाज काढून टाकायचा का? नाही, गाण्याची लय झोक्याच्या हेलकाव्यावरच बसलेली असते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन ध्वनिमार्ग असे मुद्रण तासाला साधारण १ जीबी जागा घेते. ही मूळ प्रत. तिच्या तीन प्रती ठेवायच्या, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, आणि एक दुसऱ्या गावी. ऐकण्यासाठीची हलकी प्रत तासाला साठ एमबीच्या आसपास होते. ती कोणाच्याही मोबाईलवर जाते.

गाणारीचे नाव नोंदवताना तिने हे गाणे कोणाकडून घेतले हेही विचारायचे. ‘सासूकडून’, ‘फुईकडून’ अशी उत्तरे येतात. त्या उत्तरांची साखळी जोडली की लग्न होऊन आलेल्या बायकांबरोबर गाणी गावोगाव कशी गेली याचा नकाशा तयार होतो. असा नकाशा कोणत्याही सरकारी दप्तरात नाही.

मुद्रण संपले की लगेच तिथेच ते परत ऐकवायचे. ही पायरी अनेकदा गाळली जाते, आणि तीच सर्वांत फलदायी असते. स्वतःचा आवाज ऐकताना बायका चुका दुरुस्त करतात, विसरलेले कडवे आठवते, शेजारीण म्हणते, ‘आम्ही हे असं नाही म्हणत.’ हा पाठभेद गावाच्या ओट्यावरच हाती येतो.

८. समाजाभिमुख उपक्रम : पाच प्रकार

(अ) कागद-दिन. संग्रहाची माणसे स्कॅनर घेऊन गावातील शाळेत बसतात. लोक घरातले कागद आणतात; त्यांची प्रतिमा घेतली जाते; मूळ कागद आणि प्रतिमेची एक प्रत त्याच दिवशी घरी परत जाते. लोकांच्या मनातील ‘दिलेले परत येत नाही’ ही धास्ती घालवायला याहून चांगला उपाय नाही. त्यासोबत कागद कसे ठेवावेत याचे पंधरा मिनिटांचे प्रात्यक्षिक असावे.

(आ) मोडी वर्ग. २०१४मध्ये युनिकोडमध्ये मोडीचा समावेश झाला आणि ती संगणकावर लिहिता येऊ लागली. पण वाचणारे डोळे शिकवूनच तयार होतात. वर्गात छापील तक्त्याऐवजी त्याच तालुक्यातील कागदांच्या प्रतिमा वापराव्यात. आपल्या शिवाराचे नाव मोडीत पहिल्यांदा वाचता येते त्या क्षणी विद्यार्थी त्या लिपीचा होतो.

(इ) फिरती पेटी. महाराजा सयाजीरावांनी १९१०मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले. त्यात पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत. नवापूरच्या पलीकडचे सोनगड त्याच संस्थानात होते. म्हणजे ही कल्पना आपल्या शिवेपर्यंत शंभर वर्षांपूर्वीच आलेली आहे. आजच्या पेटीत जुन्या कागदांच्या हुबेहूब प्रतिकृती, नकाशे, ध्वनिमुद्रणे आणि शिक्षकासाठी टिपण असावे. ती एका शाळेत पंधरा दिवस राहावी आणि पुढे सरकावी.

(ई) गावचा नोंदकार. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींना मुद्रण, मुलाखत आणि नोंद यांचे प्रशिक्षण द्यावे. मावची बोलणारी मुलगी आपल्या आजीला जे विचारू शकते, ते बाहेरून आलेला अभ्यासक विचारू शकत नाही. सोपानदेवांनी घरातच जे केले, त्याला शास्त्राची जोड देणे एवढाच याचा अर्थ.

(उ) श्रवणसंध्या. पूर्वी झालेली मुद्रणे गावात परत ऐकवणे. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणाच्या काळात भारतीय भाषांची ग्रामोफोन मुद्रणे झाली. शतकभर त्यांचे ऐकणारे बहुतांशी परदेशी अभ्यासक होते. असे पुन्हा होऊ द्यायचे नसेल तर मुद्रणाचे पहिले जाहीर श्रवण मुद्रण झालेल्या गावातच व्हावे, हा नियम करावा.

या पाचही उपक्रमांत महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची गावग्रंथालये ही नैसर्गिक भागीदार आहेत. विद्यापीठाने तंत्र पुरवावे, ग्रंथालयाने जागा आणि ओळख.

९. हक्क, संमती आणि संयम

घरातील पत्रे संग्रहाला दिली की कागदाची मालकी संग्रहाकडे येते. लेखनाधिकार मात्र आपोआप येत नाही. तो लेखकाकडे आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांकडे राहतो. गाणाऱ्या व्यक्तीलाही आपल्या सादरीकरणावर कायद्याने स्वतंत्र हक्क आहे आणि तो पन्नास वर्षे टिकतो. म्हणून संमतीपत्र बोलीभाषेत वाचून दाखवावे आणि त्यात तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत : जपून ठेवू का? अभ्यासकांना ऐकवू का? सगळ्यांसाठी खुले करू का? पहिल्याला ‘हो’ म्हटले म्हणजे तिसऱ्यालाही ‘हो’ झाले असे होत नाही.

काही गोष्टी सगळ्यांसाठी नसतातच. देवाच्या काही कथा ठरावीक काळात, ठरावीक माणसांनीच सांगायच्या असतात. ऑस्ट्रेलियातील वारुमुंगू समाजाच्या गरजेतून ‘मुकुर्तू’ ही संगणक प्रणाली घडली. कोण काय पाहील आणि केव्हा पाहील हे त्यात समाजाच्या रीतीप्रमाणे ठरते; पुढे वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाने ती जगभर मोफत उपलब्ध केली. याहामोगी देवीच्या कथा असोत की काठी गावच्या होळीशी जोडलेले विधी, सातपुड्यातील संग्रहाला हाच संयम हवा. काही मुद्रणे बंद ठेवणे हेही ग्रंथपालाचे कर्तव्य आहे.

वस्तू कुठे ठेवावी या प्रश्नाचेही एक चांगले उत्तर भारतात आहे. पाट्या रंगवणारे रोजा मुथय्या यांनी जन्मभर जमवलेला तमिळ पुस्तकांचा प्रचंड संग्रह शिकागो विद्यापीठाने विकत घेतला, पण तो समुद्रापार नेला नाही. १९९४मध्ये चेन्नईतच त्याचे संशोधन ग्रंथालय उभे केले. पैसा बाहेरून, संग्रह आपल्या भाषेच्या भूमीत. जळगाव आणि नंदुरबारचे पाडे यांच्यातही हाच न्याय लागू व्हावा.

१०. ‘पोटापाण्याचे काय?’

ज्या जिल्ह्यात शाळा, पाणी आणि रोजगार यांचे प्रश्न उभे आहेत, तिथे जुने कागद आणि गाणी यांवर शक्ती का खर्चावी, असा आक्षेप येतो. तो गंभीर आहे. त्याला उत्तरही तितक्याच गांभीर्याने द्यायला हवे.

वनहक्क कायदा २००६मध्ये आला आणि २००८मध्ये त्याचे नियम झाले. त्यांतील तेराव्या नियमात दाव्याचा पुरावा म्हणून गॅझेटियर, जनगणना, नकाशे, सर्वेक्षण अहवाल, वंशावळ आणि वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन यांचा उल्लेख आहे. ही यादी पुन्हा वाचावी. ही जवळजवळ विशेष संग्रहाची विषयसूचीच आहे. म्हाताऱ्या माणसाने सांगितलेले, कोणीतरी लिहून घेतलेले, जपून ठेवलेले निवेदन जमिनीच्या तुकड्याचा आधार ठरू शकते.

दुसरे उत्तर विस्थापनाचे. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात महाराष्ट्रातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांची ३३ गावे आली; मणिबेली हे त्यांतील सर्वांत ठळक नाव. पुनर्वसित वस्तीत जन्मलेल्या मुलाला आपले मूळ गाव नकाशात, छायाचित्रांत आणि आजोबांच्या आवाजातच भेटू शकते. ते साहित्य जपले नाही तर त्याचे गाव दुसऱ्यांदा बुडते.

तिसरे उत्तर न्यायाचे. इंग्रजी दप्तरांत भिल्ल समाज बहुधा बंडखोर म्हणून किंवा बंदोबस्ताचा विषय म्हणून येतो : १८२५मध्ये उभारलेल्या भिल्ल पलटणीच्या अहवालांत, १८५७-५८च्या खाज्या नाईकांच्या उठावाच्या पत्रव्यवहारात. लिहिणारा अधिकारी एका बाजूचा. दुसऱ्या बाजूने कागद लिहिलाच नाही. दुसरी बाजू गाण्यांत आणि कथांत आहे. तो आवाज संग्रहात आला नाही, तर पुढची पिढी आपल्या पूर्वजांना फौजेच्या अहवालातूनच ओळखेल.

११. निष्कर्ष

विशेष संग्रहाचे मोजमाप आजवर हस्तलिखितांच्या संख्येवर होत आले. वरील विवेचनावरून दुसरे मोजमाप सुचते. किती गावांना आपली गाववार सूची मिळाली? किती कागद प्रतिमा होऊन त्याच दिवशी घरी परतले? किती मुद्रणे जिथे झाली तिथे पुन्हा ऐकवली गेली? किती स्थानिक मुले नोंदकार झाली? आणि किती वेळा संग्रहाने एखादी गोष्ट बंद ठेवण्याची विनंती पाळली? या पाच प्रश्नांची उत्तरे दर वर्षी जाहीर करता येण्यासारखी आहेत.

शेतकऱ्याच्या घरात धान्य आणि बियाणे वेगळे ठेवलेले असते. धान्य खाण्यासाठी, बियाणे पुढच्या मृगासाठी. घरात टंचाई आली तरी बियाण्याला हात लावायचा नसतो, आणि पाऊस पडला की ते घरात ठेवून चालत नाही. विशेष संग्रह हे बियाणे आहे. त्याला जीव लावून जपायचे ते शेतात नेण्यासाठीच.

बहिणाबाईंची गाणी जळगावहून साऱ्या महाराष्ट्रात गेली आणि पाठ्यपुस्तकांतून पुन्हा खानदेशातल्या शाळांत आली. गावातून निघालेला शब्द गावात परतला. त्यांचे नाव लावणाऱ्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आज किती घरांत किती बहिणाबाई गात असतील, हे मोजता येणार नाही. पण पुढच्या आखाजीला रनाळ्यात झोका बांधला जाईल, तेव्हा त्याच्या शेजारी गावचीच एक मुलगी वही आणि मुद्रणयंत्र घेऊन बसलेली असावी, आणि गाणे संपल्यावर तिने ते सगळ्यांना तिथेच परत ऐकवावे. विद्यापीठाच्या विशेष संग्रहाचा पहिला पाठ तिथे सुरू होतो.